दोन पुस्तकांतली तहान

आमच्या घरी रोज दुपारी एक बाई वाचायला येत असत. त्यांना सगळे वाचनबाई म्हणत. शिकवायला बाई येतात, शुश्रूषेला येतात, हे जगाला ठाऊक असते. परंतु नुसते वाचायला कोणी येते हे ऐकून आमच्या जिन्यावरच्या शेजाऱ्यांना आधी हसू आले आणि नंतर, आपल्याकडे असे कोणी येत नाही, याची थोडी रुखरुखही लागली.

घर माझ्या थोरल्या बहिणीचे. तिला मी ताई म्हणतो आणि तिच्या यजमानांना भाऊजी. न्यायालयातील अभिलेख सांभाळण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आलो. भाऊजी भूमापन खात्यात होते आणि ताई शाळेत भूगोल शिकवीत असे. एकाने जमीन मोजली, दुसरीने ती फळ्यावर काढून दाखवली. पण एखाद्या पुस्तकाविषयी दोघांचे एकमत झाल्याचे माझ्या स्मरणात नाही. उतारवयात दोघांचीही नजर अधू झाली. चालण्याफिरण्यापुरते दिसे, छापील अक्षर मात्र लागत नसे. मी वाचून दाखवण्याची तयारी दर्शवली, तेव्हा ताई म्हणाली, "नको रे बाबा. तुझा आवाज ऐकला की कोणी समन्स बजावतंय असं वाटतं." त्यामुळे बाहेरून कोणाला तरी बोलावणे भाग पडले, आणि वाचनबाई आल्या.

वाचनबाईंचा मूळ व्यवसायही वाचनाचाच होता, पण तो फार वेगळ्या प्रकारचा. तरुणपणापासून त्या एका छापखान्यात होत्या. तेथे छापून आलेल्या कच्च्या कागदावरील चुका शोधणारा मुद्रितशोधक टेबलाच्या एका बाजूला बसे आणि लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचणारी व्यक्ती दुसऱ्या बाजूला. ती वाचणार, तो आपल्या कागदावर बोट फिरवीत पडताळणार. चूक अक्षराची असो वा चिन्हाची, ती निसटू नये म्हणून वाचणाऱ्याने विरामचिन्हेही उच्चारायची, असा तेथला शिरस्ता. वाचनबाईंनी सारी हयात हेच काम केले. छापखान्यात यंत्रे बदलली, माणसे कमी झाली आणि अखेर त्यांचे टेबलही उचलले गेले. पण सवय काही गेली नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी भाऊजींचा धर्मग्रंथ उघडला आणि अगदी सपाट, स्वच्छ आवाजात सुरुवात केली. "राजा म्हणाला स्वल्पविराम हे सेवका स्वल्पविराम मला तहान का लागते प्रश्नचिन्ह." भाऊजींनी कानावर हात ठेवले. बाई ओशाळल्या. त्यांनी चिन्हे गाळून वाचण्याचा प्रयत्न केला, तर त्यांचे वाक्यच अडखळू लागले, जसे काठी काढून घेतल्यावर एखाद्याचे चालणे अडखळते. शेवटी ताईने निवाडा दिला की असू द्या, लेखकाने श्वास कुठे घेतला ते तरी कळते. हळूहळू ती चिन्हे आमच्या कानाला इतकी सरावली की घड्याळाच्या टिकटिकीसारखी ती ऐकू येईनाशी झाली.

छापखान्याच्या आणखी दोन सवयी त्यांनी बरोबर आणल्या होत्या. हातात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला त्या आधी खाकी कागदाचे वेष्टन घालीत, कारण शाईच्या बोटांनी पुस्तक मळू नये हा तेथला धडा. आणि एकदा सुरू केलेला परिच्छेद त्या मध्येच सोडीत नसत. दाराची घंटा वाजो, दूध उतू जावो, शेवटचा पूर्णविराम आल्याखेरीज मान वर होत नसे. आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. इतकी पुस्तके वाचूनही एकातही काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. "अर्थाकडे बघायचंच नाही," त्या म्हणाल्या, "अर्थात गुंतलं की अक्षर निसटतं." जन्मभर मिठाईच्या दुकानात बसून साखर न चाखलेल्या माणसासारखे हे मला वाटले, पण त्यांना त्याचे काही वाटत नसे.

वाचनाची वेळ नवरा-बायकोत निम्मी-निम्मी वाटलेली होती. आधी भाऊजींचा धर्मग्रंथ, मग ताईची कादंबरी. ज्याचे पुस्तक नसेल त्याने गप्प बसावे असे ठरले होते. ठरले होते एवढेच.

त्या दिवसांत भाऊजींच्या ग्रंथात इच्छेचे प्रकरण चालू होते. एका राजाकडे इच्छा पाहुणी म्हणून येते. राजा तिला बसायला आसन देतो, मग शेजारची खोली देतो, मग शय्या देतो, आणि अखेरीस सिंहासन देऊन स्वतः दाराशी उभा राहतो. त्याला तहान लागते. तो प्रजेच्या विहिरी बळकावतो, नद्या वळवून घेतो, शेवटी समुद्र पितो आणि प्रत्येक घोटागणिक त्याची तहान वाढतच जाते. कथा भव्य होती, यात शंका नाही. मात्र ती पाहुणी दारातून आत येते त्या प्रसंगी ग्रंथकाराने तिचे केस, तिचे डोळे आणि विशेषेकरून तिची मान यांचे जे वर्णन केले होते, ते बाईंनी मानेच्या प्रत्येक उपमेगणिक स्वल्पविराम देत वाचून काढले. त्याच्या शेवटी, शहाण्याने तिकडे पाहू नये, असे बजावले होते.

ताईला राहवले नाही. "बघू नका हे सांगायला इतकं बघावं लागतं होय?"

"रोगाचं वर्णन वैद्याला करावंच लागतं," भाऊजी म्हणाले.

"वैद्य रोग्याच्या मानेवर दीड पान लिहीत नाही हो."

भाऊजींनी तिला आठवण करून दिली की ही वेळ तिची नव्हे.

ताईच्या कादंबरीत असे काही नव्हते. ती आजकालच्या एका लेखिकेची होती आणि तिच्यात घडत काहीच नव्हते, अशी भाऊजींची तक्रार होती. एक मध्यमवयीन शिवणकाम करणारी बाई तळमजल्यावर राहते. वरच्या मजल्यावरच्या विधुराच्या नळाला पाणी चढत नाही म्हणून तो रोज संध्याकाळी पाण्याचा रिकामा जग घेऊन खाली येतो, ती भरून देते, तो जातो. पानामागून पाने हा जगच खाली-वर होत होता. इच्छा हा शब्द त्या पुस्तकात कुठेही आला नव्हता. तिला तो हवा आहे हे वाचकाला कळते ते एवढ्यावरूनच की संध्याकाळ झाली की ती शिलाई यंत्र थांबवून जिन्यावरच्या पावलांचा कानोसा घेते, आणि तसे केल्याबद्दल स्वतःवरच रागावून पुन्हा यंत्र चालू करते.

भाऊजींचे म्हणणे असे की कादंबरीकाराला इच्छेचा शेवट दाखवण्याची हिंमत नसते. त्याला पुढचे पान उलटवून घ्यायचे असते, म्हणून तो ती मंद आचेवर ठेवून देतो. ग्रंथ मात्र आरंभ सांगतो आणि शेवटही सांगतो. ताई म्हणाली, शेवट सांगतो ते खरे, पण कोणाचा? राजाचा. "तुमच्या ग्रंथात कोणाला काही हवंसं वाटलं की राज्य बुडतं. आमच्या कादंबरीत फार तर जग सांडतो. आपल्या जिन्यावर राजे किती आणि जगवाले किती, ते मोजा. मोजणी खात्यात होता ना?"

असा हा वाद रोजचाच होता आणि त्यात दोघांचाही वेळ आनंदात जात होता. बाई मधल्या काळात पाणी पिऊन शांतपणे पुढचे पान शोधीत. तो वाद त्या ऐकत असतील, अशी शंका कोणालाच आली नव्हती.

एके दिवशी कादंबरीत असा प्रसंग आला की तो विधुर आजारी पडून खाली आलाच नाही, आणि ती शिवणारी बाई भरलेला जग घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली. वर जावे की नाही, हे तिला ठरवता येईना. वाचनबाई वाचीत होत्या आणि मला काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. घड्याळ बंद पडल्यावर जशी खोली विचित्र वाटते, तसे. मग ध्यानात आले की बाईंच्या वाचनातून स्वल्पविराम नाहीसे झाले आहेत. पूर्णविरामही नाही. त्या अर्थ वाचीत होत्या.

प्रसंग संपला आणि त्यांनी पुस्तक मिटले. भाऊजींचा डोळा लागला होता. ताईने मात्र हात पुढे करून बाईंचे मनगट धरले. "काय झालं ग?" एवढेच तिने विचारले, आणि माझ्याकडे तोंड करून मला दार लोटून घ्यायला सांगितले. मी दार लोटले. खोलीबाहेर जायला कोणी सांगितले नाही, म्हणून आतच थांबलो.

बाईंनी जे सांगितले ते थोडक्यात असे. छापखान्यात त्यांच्या समोर बसणारे मुद्रितशोधक सारी वर्षे एकच होते. या वाचीत, ते ऐकत. कामाव्यतिरिक्त त्यांच्यात हवापाण्यापलीकडे बोलणे झाले नव्हते. त्यांची पत्नी जाऊन बराच काळ लोटला होता. आता टेबल उचलले गेल्यावर मुलाने त्यांना दुसऱ्या शहरात आपल्याकडे बोलावले होते, आणि महिनाअखेरीस ते कायमचे जाणार होते. जाण्यापूर्वी त्यांनी बाईंना गाठून सांगितले होते की तुम्ही नका जाऊ म्हणालात तर मी राहतो, आपण लग्न करू. नाही म्हणालात तर मनात काही न ठेवता जाईन.

"मग?" ताई म्हणाली.

"मग काय, ताई. पन्नाशी उलटली. भावाच्या घरी राहते, भाचे काय, भाच्या काय, सगळे हाताखालून गेले. आता मी असं काही म्हटलं तर वहिनी काय म्हणेल?"

"वहिनीचं राहू दे. तुला काय हवंय?"

बाईंनी पुस्तकाचे वेष्टन बोटांनी सपाट केले. मग म्हणाल्या, "हवंय, तेच तर वाईट वाटतं. या वयात हवं असणं बरं दिसत नाही."

ताईने त्यांना परोपरीने समजावले. परंतु बाईंच्या मनात ताईच्या शब्दाला जेवढे वजन होते, त्याहून भाऊजींच्या शब्दाला अधिक होते. ताई काय, कादंबरी वाचणारी. ती हो म्हणणारच. भाऊजी बोलतील ते ग्रंथाला धरून. मात्र त्यांना यातले काही कळू द्यायचे नाही, असे वचन बाईंनी आम्हा दोघांकडून घेतले. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये आम्ही बहीणभाऊ तोंडाला कुलूप लावून.

दोनच दिवसांनी बाईंनी ग्रंथाचे पान उलटता उलटता, जणू सहज, भाऊजींना विचारले की वय झाल्यावर माणसाच्या मनात इच्छा आली तर ग्रंथ त्याविषयी काय सांगतो. भाऊजींना कोणी शंका विचारली की ते खुर्चीत ताठ बसतात. तसे बसून ते म्हणाले, "ग्रंथ स्पष्ट सांगतो. ओल्या लाकडाला आग लागली तर धूर होतो. जुनं लाकूड पेटलं, तर घर जातं."

ताईने पेला जमिनीवर आपटला. बाई म्हणाल्या, "बरं," आणि पुढचा परिच्छेद सगळ्या विरामचिन्हांसह वाचला. जाताना त्यांनी जिन्यात मला सांगितले की आपला निर्णय झाला आहे. येत्या रविवारी, मुद्रितशोधक शहर सोडण्याआधी, त्यांच्याकडे जाऊन नाही म्हणून सांगायचे. आवाज असा की एखाद्या कार्यालयाची वेळ सांगत आहेत. ताईला मी हे सांगितले तेव्हा तिने भाऊजींना त्या दिवशी चहा बिनसाखरेचा दिला आणि कारण सांगितले नाही. भाऊजी तो निमूटपणे प्याले; ग्रंथात क्रोधावरही एक प्रकरण होते.

त्यानंतरच्या दुपारी आभाळ भरून आले होते. खोलीत दिवा लावूनही उजेड पुरेसा नव्हता. दोन्ही पुस्तके एकाच आकाराची, दोन्हींना तेच खाकी वेष्टन. बाईंचे चित्त थाऱ्यावर नव्हते. त्यांनी फळीवरून एक उचलले, खुणेच्या जागी उघडले आणि भाऊजींसाठी वाचायला सुरुवात केली.

"तहानलेला माणूस विहिरीच्या काठावर उभा होता स्वल्पविराम आणि पाणी मागत नव्हता पूर्णविराम."

येथे बाई क्षणभर थबकल्या. पुस्तक चुकले, हे त्यांच्या ध्यानात आले होते. ही ताईची कादंबरी होती. त्या शिवणाऱ्या बाईच्या मनात आलेला विचार होता. पण परिच्छेद सुरू झाला होता, आणि सुरू झालेला परिच्छेद मध्ये सोडणे त्यांच्या हाडात नव्हते. त्या पुढे वाचीत राहिल्या.

"विहिरीला त्याची तहान दिसत होती स्वल्पविराम आणि ती पाणी देत नव्हती पूर्णविराम. दोघेही स्वतःला फार सभ्य समजत होते पूर्णविराम. मधल्या मध्ये दोर मात्र कुजत होता पूर्णविराम."

"थांबा," भाऊजी म्हणाले.

बाईंनी पुस्तक छातीशी धरले. ताईने ओळखले होते. तिने ओठ घट्ट मिटून माझ्या दिशेने हात हलवला की बोलू नकोस.

"वा," भाऊजी म्हणाले, "याला म्हणतात ग्रंथ. काय नेमकं बोट ठेवलंय." आणि त्यांनी डोळे मिटून भाष्य सुरू केले. लोकांचा समज असतो की न मागणे म्हणजे संयम. छे. संयमी माणसाला तहानच लागलेली नसते, किंवा लागली तरी तो विहिरीपासून दूर जातो. काठावर उभा राहून न मागणारा तो संयमी नव्हे. त्याला फक्त आपली मान खाली घालायची नसते. आणि विहीर? पाणी भरलेले असून द्यायचे नाही, वर लोक काय म्हणतील ही भीती, तीही गर्वाचीच धाकटी बहीण. "संयम वेगळा आणि अकड वेगळी, बाई. अकडीला संयमाचं नाव देऊन माणसं जन्म घालवतात. हे वाक्य परत वाचा."

बाईंनी परत वाचले नाही. त्यांनी विचारले, "विहिरीनं काय करावं मग?"

"काय करावं म्हणजे? द्यावं. विहीर कशाला असते?"

यावर कोणीही गप्प राहिले असते, आणि बाई गप्प राहिल्या असत्या तर त्यांचे काम फत्ते झाले असते. पण जन्मभर दुसऱ्याच्या चुका उजेडात आणण्याच्या कामाला हातभार लावलेली ती बाई. स्वतःची चूक झाकून ठेवणे तिला जमले नाही. त्यांनी हळूच सांगितले की हा ग्रंथ नव्हे, ही ताईंची कादंबरी आहे, हात चुकला.

ताईचे हसू फुटले. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. भाऊजींचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला. मुद्देमालासह पकडलेल्या माणसासारखा. ते खुर्चीचे हात धरून उठले आणि म्हणाले की ही फसवणूक आहे, ग्रंथाबाहेरच्या वाक्यावरचे आपले भाष्य आपण रद्द करीत आहोत, आणि ते आतल्या खोलीत गेले. दाराचा आवाज झाला.

ताईला हसण्यासारखे वाटले ते बाईंना तसे वाटले नाही. थोड्या वेळापूर्वी त्यांचा चेहरा उजळला होता, तो पुन्हा मिटला. "रद्द म्हणाले," एवढेच त्या पुटपुटल्या आणि पिशवी उचलून वेळेआधी निघून गेल्या.

त्या संध्याकाळी ताईने आपले वचन मोडले. आतल्या खोलीत जाऊन तिने भाऊजींना सगळे सांगितले. छापखाना, टेबल, महिनाअखेर, सारे. मी बाहेर होतो, पण आमच्या भिंती पातळ आहेत. तिच्या बोलण्यात नेहमीची चेष्टा नव्हती. शेवटी ती म्हणाली की एका बाईचे उरलेले आयुष्य तुमच्या जुन्या लाकडावर अडकून बसले आहे.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, त्या नेहमीसारख्या पुस्तके मांडू लागल्या. भाऊजी आधीच खुर्चीत येऊन बसले होते. त्यांनी सांगितले की आज आधी कादंबरी वाचावी. ताईने भुवया उंचावल्या. बाईंनी वाचले. शिवणाऱ्या बाईने अखेर जिना चढून जग वर नेला होता. त्याला ताप होता. ती पेला भरून देते आणि तो पितो, एवढाच भाग. भाऊजी एकदाही मध्ये बोलले नाहीत. मग त्यांनी ग्रंथ मागितला आणि राजाच्या प्रकरणाचा शेवट पुन्हा वाचून घेतला. राजा समुद्राच्या तळाशी उभा आहे आणि तरीही त्याची जीभ कोरडी आहे, तो.

"बाई," भाऊजी म्हणाले, "माझी चूक कुठे झाली ते सांगतो. मी ग्रंथ ऐकला आणि त्यातला राजा सोडून दिला. हा राजा मागत नाही, हिसकावून घेतो. दुसऱ्याची विहीर, दुसऱ्याची नदी. त्याची तहान वाढते ती त्यामुळे. ग्रंथ त्या तहानेबद्दल बोलतोय आणि खरं बोलतोय. पण तुमच्या दाराशी जो उभा आहे तो हिसकावत नाही. त्यानं मागितलंय आणि नाही म्हणालात तर जाईन म्हणालाय. तो राजा नव्हे. त्याच्याविषयी आमच्या ग्रंथाला फारसं माहीत नाही. त्यासाठी हिचंच पुस्तक बरं."

बाईंनी ताईकडे पाहिले. भाऊजींना सगळे कळले आहे हे त्यांच्या ध्यानात आले. त्या लाजल्या, पण रागावल्या नाहीत. त्यांचा एक प्रश्न मात्र उरला होता आणि तो त्यांनी विचारला. "आणि ते जुनं लाकूड?"

भाऊजींनी घसा साफ केला. खिडकीकडे तोंड केले. ताई म्हणाली, "सांगा की."

"ते ग्रंथात नाही," भाऊजी म्हणाले. "ते मी म्हणालो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही विचारलंत, मला त्या क्षणी काही आठवेना, आणि आठवत नाही म्हणणं जड गेलं. वाक्य बरं सुचलं, ग्रंथाच्या नावावर खपवलं."

मग वाचनबाई हसल्या. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते. त्या आवाज न करता हसत होत्या आणि खांदे हलत होते. कादंबरीतले वाक्य ग्रंथाचे म्हणून भाऊजींनी डोक्यावर घेतले होते, आणि भाऊजींच्या पदरचे वाक्य ग्रंथाचे म्हणून बाई उराशी धरून बसल्या होत्या. ताई म्हणाली की संसारात हे असले बनावट श्लोक आपण पुष्कळ ऐकले आहेत. भाऊजींनी त्यावर प्रतिवाद केला नाही, ही त्या घरातली नोंद करण्याजोगी घटना होय.

त्या दिवशी पुढचे वाचन झाले नाही. बाईंनी दोन्ही पुस्तके फळीवर ठेवली, पिशवी उचलली आणि आपण छापखान्याच्या मागच्या गल्लीतून जाणार आहोत, असे सांगून निघाल्या. त्या गल्लीत कोण राहते, हे कोणी विचारले नाही.

त्यानंतरची दुपार आम्हा तिघांना जड गेली. ताईने चहा दोनदा उकळवला. भाऊजी मध्येच म्हणाले की तो मनुष्य कदाचित आधीच निघून गेला असेल, मुले घाई करतात. त्यावर ताईने त्यांना गप्प केले. बाई आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्या नेहमीच्या जागी बसल्या, पिशवीतून चष्मा काढला, पुसू लागल्या.

"तो चष्मा नंतर पूस ग," ताई म्हणाली. "गेलीस का?"

गेले होते, बाई म्हणाल्या. दार उघडेच होते. आत दोन मोठ्या ट्रंका भरून ठेवलेल्या, पुस्तकांची खोकी दोरीने बांधलेली, भिंतीवरची चित्रे उतरवलेली. ते तिसरी ट्रंक भरीत होते. त्यांनी पाहिले आणि बसायला सांगितले, पण बसायला काही उरलेच नव्हते.

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, जाऊ नका."

"एवढंच?"

"एवढंच सुचलं. मग म्हटलं, तुमचं घर मात्र अंधारं आहे, मला वाचायला उजेड लागतो, तेव्हा दुसरी खोली बघावी लागेल."

भाऊजी पुढे सरकले. "आणि ते?"

"ते ट्रंकेतले कपडे बाहेर काढायला लागले."

"काही बोलले की नाही?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "म्हणाले, सगळी इस्त्री मोडली."

ताई पुन्हा हसू लागली. भाऊजींना त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. त्यांनी गंभीरपणे विचारले की मग त्या कपड्यांचे काय केले. बाई म्हणाल्या, निम्म्या शर्टांना पुन्हा इस्त्री त्यांनी केली, निम्म्यांना मी केली, म्हणून घरी जायला उशीर झाला. वहिनीने दार उघडले तेव्हा तिने काही विचारायच्या आत मीच तिला सांगून टाकले.

वहिनी काय म्हणाली, हे ताईने अर्थातच विचारले. वहिनी म्हणाली होती की माझ्या नवऱ्याच्या शर्टांना तर तुम्ही कधी इस्त्री केली नाहीत.